घरातला निरोप्या

माझा धाकटा भाऊ नववीत असताना जव्हारच्या एसटी स्टँडामागे एका जीपची बॅटरी काढताना पकडला गेला. बरोबरचे पळाले. त्याच्या खिशात पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब आणि चिकट झालेला रुमाल सापडला. रुमालावर सोल्युशन ओतून तो हुंगतो, हे घरात त्या दिवशी कळलं. फौजदारांनी पहिली वेळ म्हणून सोडलं. ठाणे शहरातून एक समुपदेशक बाई येत असत, त्यांच्याकडे न्यायला सांगितलं. पुन्हा सापडला तर रिमांड होम.

मी तेव्हा नाशिकच्या एका दैनिकात शिकाऊ उपसंपादक होते. एका चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांनी आलं पाहिजे, अशी बाईंची अट होती. त्या शनिवारी येत आणि माझी सुट्टी शनिवारची, म्हणून मीही गेले.

वडील प्राथमिक शिक्षक. त्यांनी साखरशेतची भाताची जमीन आईला न विचारता काकांना कसायला दिली, तेव्हापासून दोघांचा अबोला होता. तो दोन वर्षं टिकला. घर चालायचं ते निरोपांवर. "बाबांना सांग, पाणी तापलंय." "आईला विचार, रॉकेल आहे का." मी नाशिकला गेल्यावर हे काम एकट्या भावाकडे आलं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. अबोले इतर घरांतही असत आणि निरोप पोरंच नेत.

मुलगा घरी कधी येतो, असं बाईंनी पहिल्या भेटीत वडिलांना विचारलं. वडील भावाकडे बघून म्हणाले, "आईला विचार. घरी ती असते."

आईही भावालाच म्हणाली, "सांग त्यांना, मी काय पहारा देत बसते?"

भावाने दोन्हींचा मेळ घालून बाईंना सांगितलं, "उशिरा येतो, पण किती ते कुणाला माहीत नाही." आरोपी तोच होता आणि जबाबही तोच देत होता.

"तू घरात नसलास तर यांचं कसं चालतं?" बाईंनी विचारलं.

"नाय चालत. पण बॅटरीच्या दिवशी मी चौकीत होतो ना, तेव्हा बोलले म्हणे. बाबा म्हणाले, चप्पल घाल, पोरगं धरलंय."

तो हे गंमत म्हणून सांगत होता. बाईंनी तेच वाक्य उलटं करून त्याला परत सांगितलं: "म्हणजे तुला धरलं की हे बोलतात."

त्यांनी एकच गोष्ट सांगितली. त्याने निरोप न्यायचा नाही आणि कुणी त्याच्याकडे द्यायचा नाही.

"मग मी घरात करू काय?" भावाने विचारलं.

सुरुवातीला वडील उपाशीच शाळेत गेले, कारण ताट वाढलंय हे सांगायला कुणी नव्हतं. मग आई भिंतीकडे बघून सांगू लागली. वडील कॅलेंडरला सांगत, मीठ कमी आहे. "आता भिंतीलाच बसवा जेवायला," भाऊ म्हणाला. संध्याकाळी तो पुन्हा स्टँडावर दिसू लागला.

एका शनिवारी सकाळी मी घरी असताना हवालदार दारात आला. आदल्या संध्याकाळी एका जीपची स्टेपनी गेली होती.

"गुरुजी, पोरगं काल संध्याकाळी कुठं होतं?"

"घरी," वडील म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, खोटं कशाला सांगताय? घरी नव्हता. शर्टाला वास येत होता त्याच्या."

भावाने मान खाली घातली. हवालदार ओट्यावर टेकला. "दोघांचं एक काय ते ठरवा, गुरुजी. मी साहेबांना काय सांगू?"

दोघं आत गेले. दार लोटलेलं होतं, तरी सगळं ऐकू येत होतं.

"त्याला नेतील. कळतंय का तुला?"

"कळतंय. आज लपवलंत तर उद्या त्याला कुणाचीच भीती नाय राहायची. आणि जमिनीसारखं हेही एकट्याने ठरवू नका."

भाऊ उठून दाराशी गेला. "बाबा, आईचं म्हणणं असं आहे की..."

"ए, बस खाली," हवालदार म्हणाला. "त्यांचं त्यांना कळतंय."

वडील बाहेर आले. आई मागे होती. "घरी नव्हता," ते म्हणाले. "तुम्ही व्हा पुढं. आम्ही दोघं त्याला घेऊन येतो."

स्टेपनी भावाने काढली नव्हती, पण कुठे लपवली ते त्याला माहीत होतं. चौकीत त्याने ते सांगितलं. जीपवाल्याला माल मिळाला, त्याने तक्रार दिली नाही. फौजदारांनी रिमांड होमचा विषय काढला, दोघांकडे पाहिलं आणि बाईंकडे नेणं चालू ठेवा एवढंच म्हणाले. त्या वर्षी भाऊ नापास झाला. सोल्युशन सुटायला त्यापुढेही बराच काळ गेला.

त्या संध्याकाळी आईवडील जमिनीवरून शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं भांडले. भाऊ जेवला आणि भांडण चालू असतानाच झोपी गेला.