वन्संचं शिकाऊ खातं

आमच्या वन्संना कुणी फसवू शकत नाही, असं त्यांच्या चष्म्याच्या दुकानात सगळे म्हणायचे. नोकरीसाठी नजर तपासून घ्यायला येणारी काही माणसं भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ पाठ करून यायची. वन्संना संशय आला की त्या दुसरा तक्ता टांगायच्या आणि म्हणायच्या, "आता हा वाचा." माणूस ओशाळायचा, नाहीतर चिडायचा, पण मग खुर्चीत नीट बसायचा.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. उभं आयुष्य त्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासत आणि डोळे तपासत उभ्या राहिल्या. गुडघे गेले ते त्यातच. त्यांच्या पाठची बहीण गेली तेव्हा तिचा मुलगा शाळेत होता. वन्सं त्याला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत घेऊन आल्या आणि वाढवलं. त्याचं नाव पडलं टिल्लू. पुढे दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका उंच झाला, प्रवासी कंपनीत नोकरीला लागला, लग्न करून वेगळा राहू लागला, तरी टिल्लूच राहिला.

वन्सं निवृत्त झाल्या आणि तिसरा मजला त्यांना जड जाऊ लागला. इमारतीला लिफ्ट नाही. तळमजल्यावर मागच्या बाजूला एक खोली होती, स्वयंपाकाचा कोपरा आणि छोटं अंगण असलेली. तिथले काका वर्षभराने मुलीकडे राहायला जाणार होते. "विकायची झाली तर आधी तुम्हाला विचारीन," असा शब्द त्यांनी वन्संना दिला होता. वरच्या खोल्या भाड्याच्या. वन्संकडे फंडाचे पैसे होते, पण तेवढ्यात खोली येत नव्हती. त्या दिवसापासून वन्सं त्या अंगणाकडे अशा बघायच्या, जणू पडदे कुठे लावायचे ते ठरवतायत.

"मावशी, बँकेत ठेवून ते कितीसे वाढणार?" टिल्लू म्हणाला. "मी परकीय चलनाचे व्यवहार शिकलोय. तुला शिकवतो. तूच कर, तुझ्या हाताने. मी नुसता बाजूला बसेन."

"या वयात?"

"डोकं लागतं आणि धीर लागतो. वय नाही लागत."

वन्संनी फंडाचे पैसे त्याच्या हवाली केले. त्याने आपल्या जुन्या फोनवर त्यांना खातं उघडून दिलं आणि दर रविवारी सकाळी शिकवणी सुरू झाली. मी पलीकडच्या गल्लीत राहते. रविवारचा चहा आम्ही दोघी एकत्रच घेतो, त्यामुळे मीही आपोआप त्या वर्गात जाऊन बसले.

शिकवायचा मात्र छान. पहिल्या दिवशी त्याने दोन कप शेजारी ठेवले. हा डॉलर, हा येन. चलन कधी एकटं विकत घेता येत नाही. एक घ्यायचं म्हणजे दुसरं विकायचं. म्हणून त्यांच्या कायम जोड्या असतात, आणि एकाची किंमत नेहमी दुसऱ्यात सांगतात.

"म्हणजे जावांसारखं," वन्सं म्हणाल्या. "हिची किंमत कायम तिच्यावरून."

"मावशी, तुला जाऊ कुठे आहे?"

"म्हणून तर मला नीट दिसतं."

मग त्याने सांगितलं की घ्यायचा भाव वेगळा, विकायचा वेगळा, आणि मधला फरक दलालाचा.

"म्हणजे आत पाऊल टाकल्या टाकल्या आपण थोडे तोट्यात?"

"हो."

"चला, निदान आधी सांगतात तरी."

मग आलं उसनं बळ. हातात शंभर असताना हजारोंचा सौदा करता येतो. मात्र तोटाही त्याच पटीने होतो. वन्संनी ते अगदी कमीत कमी वापरायचं ठरवलं. दुसऱ्याच्या पायांनी धावायची त्यांना सवय नव्हती. आणि शेवटी स्टॉप लॉस. भाव एवढा खाली आला की सौदा आपोआप बंद व्हावा, ही मर्यादा आधीच लावून ठेवायची. एकदा भाव त्या मर्यादेजवळ आला तेव्हा वन्संनी ती थोडी खाली सरकवायला बोट पुढे केलं. टिल्लू ओरडला, "हात लावू नकोस! एकदा लावली की लावली. माणूस बुडतो तो तिथेच." वन्संनी बोट मागे घेतलं. मी त्याच्याकडे बघितलं. एवढं ओरडण्यासारखं काय झालं ते मला कळलं नाही.

फोनवर वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत 'प्रॅक्टिस' लिहिलेलं असायचं. ते वन्संच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. त्यांनी विचारलंही.

"शिकाऊ ड्रायव्हरच्या गाडीला पाटी असते ना, तशी ती," टिल्लू म्हणाला. "पाटी शिकाऊची, गाडी खरी. नवीन माणसाला मोठे सौदे करू देत नाहीत, एवढंच."

मला ते पटलं. वन्संनाही पटलं.

वन्सं दिवसातून एखादाच सौदा करायच्या, कित्येक दिवस तोही नाही. चित्र स्पष्ट दिसेपर्यंत थांबायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तोटा व्हायचा, पण आखलेला. फायदा हळूहळू साठत गेला. मी एकदा म्हटलं, "अरे टिल्लू, मावशी तुझ्या पुढे गेली की!" तो हसला. मग चहा न पिताच उठला आणि काम आहे म्हणाला.

वर्ष होत आलं. खालच्या काकांनी सामान बांधायला घेतलं. खोलीची रक्कम वन्संच्या खात्यात पुरी झाली होती.

"टिल्लू, आता पैसे काढून दे बाबा."

"थोडं थांब मावशी, आता बाजार चांगला आहे."

पुढच्या आठवड्यात बँकेला सुट्टी निघाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याला ताप आला. मग वन्संनी फोन पर्समध्ये टाकला आणि मला म्हणाल्या, "वहिनी, चला. या खात्याच्या कंपनीचं ऑफिस आहे ना कुठेतरी?"

ऑफिस काचेचं होतं. लिफ्टसुद्धा होती. काउंटरवरच्या मुलीने फोन बघितला आणि खुशीत म्हणाली, "आजी, कसलं छान खेळलात हो! आमच्याकडे शिकवायलाच या."

"ते पैसे मला काढायचेत."

मुलीला आधी वाटलं, आजी गंमत करतायत. मग तिचा आवाज मऊ झाला. "आजी, हे सरावाचं खातं आहे. यातले पैसे खरे नसतात, नुसते आकडे असतात. तुमच्या नावावर आमच्याकडे काहीच भरलेलं नाही."

वन्संनी फोन परत घेतला, रुमालाने पुसला आणि तिला "थँक यू" म्हणाल्या. त्या दिवशीच्या डायरीत मी 'वन्संबरोबर बाहेर' एवढंच लिहिलं. पुढचं लिहायला हात धजला नाही.

टिल्लू रविवारी नेहमीसारखा आला. वन्संनी फोन टेबलावर त्याच्यासमोर ठेवला.

"आम्ही ऑफिसात जाऊन आलो. माझे पैसे कुठेत?"

तो बसलाही नाही. "गेले, मावशी."

"कशात?"

"ह्याच्यातच. माझे आधी गेले होते. ते भरून काढायला तुझे लावले. दुसऱ्या धड्याच्या आत तेही गेले. मर्यादा लावली होती, पण मी ती खाली सरकवत राहिलो."

"मग हा खोटा खेळ कशाला मांडलास?" मी विचारलं.

"मामी, नवशिके जवळजवळ सगळेच बुडतात. वाटलं, दोन-तीन महिन्यांत मावशीचेही संपतील. मग कुणी काही विचारलं नसतं. तीच म्हणाली असती, माझ्या हाताने गेले."

चहा उतू जायला आला. वन्सं उठल्या, गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

"म्हणजे वर्षभर तू इथे माझा चहा पीत बसलास, आणि मी कधी बुडते याची वाट बघत होतास."

"मी तुला एक शब्द खोटा शिकवला नाही, मावशी. शिकवताना मलाच वाटायचं, मी असं करायला हवं होतं."

"शिकवण्यात खोटं असतं तर मी पकडलं असतं रे." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "पैसे मागितले असतेस तर दिले असते. तुझ्या फीला दिले, लग्नाला दिले. पण तू माझ्या मूर्खपणावर भरवसा ठेवलास. माझ्यावर ठेवला नाहीस."

तो रडायला लागला. म्हणाला, "माझ्याकडे राहायला ये. आमच्याकडे लिफ्ट आहे."

"लिफ्टने वर येईन. आणि वर येऊन कुणाच्या तोंडाकडे बघत बसू?"

खालच्या काकांना वन्संनी स्वतःच सांगितलं. ते म्हणाले, महिनाभर थांबतो. या म्हणाल्या, नको, उगीच तुमचंही अडेल. खोली एका तरुण जोडप्याने घेतली. अंगणात आता दुपटी वाळत असतात.

टिल्लू दर महिन्याला पगारातून काही रक्कम वन्संच्या बँकेतल्या खात्यात भरतो. पहिली रक्कम जमा झाली तेव्हा वन्संनी मला बरोबर घेऊन ती सगळी रोख काढली, नोटा हातात धरून बघितल्या आणि लगेच परत भरल्या. खिडकीतला कारकून बघतच राहिला.

रविवारी तो येत नाही. वन्संनी येऊ नकोस म्हणून सांगितलंय. मागच्या आठवड्यात मात्र आला. आम्ही दोघी दवाखान्यात निघालो होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो पायरीवर बसला होता, किती वेळ कोण जाणे. आम्हाला बघून उठला आणि वन्संना उतरवायला त्याने हात पुढे केला. लहानपणी जिना उतरताना याच मुलाने यांचा पदर घट्ट धरलेला मी बघितलाय.

वन्सं थांबल्या. दुखऱ्या गुडघ्यावर भार आला तशा जरा कण्हल्या. मला वाटलं, धरतील.

"बाजूला हो," त्या म्हणाल्या. "मला कठडा धरायचाय."

तो भिंतीला चिकटून उभा राहिला, आणि आम्ही एकेक पायरी खाली उतरलो.