मी विकायला लावलेली गाडी

गेल्या मंगळवारी भर सकाळी मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये नवऱ्यावर ओरडले... चारचौघांत. सगळी नोकरी शाळेत मुलींना ‘आवाज खाली’ म्हणण्यात गेली माझी. पण त्या दिवशी ओरडायलाच हवं होतं.

आमचे हे तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यतीत उतरायचे. मातीचा ट्रॅक, धुरळा, शिट्ट्या... मीही कौतुकानं जायची. लग्नाला वर्ष होत आलं होतं, तेव्हा एका शर्यतीत ह्यांच्या पुढचाच मुलगा वळणावर पडला आणि त्याचा पाय मोडला. घरी आल्यावर मी म्हणाले, “मला भीती वाटते.” बस्, एवढंच. एकदाच.

पंधरा दिवसांत ह्यांनी गाडी विकून टाकली. आणि मी जन्माची बदनाम झाले! कुठल्याही लग्नात ह्यांचा कुणीतरी मित्र जिलेबी खाता खाता म्हणणारच, “वैनींनी आमचा रेसर खाल्ला की!” मोठ्यांदा. पंगतीला ऐकू जाईल असं. हे नुसते हसायचे आणि मी भात कालवत बसायची.

गेल्या वर्षी ह्यांची बायपास झाली. त्यानंतर माणूस गॅलरीतून उठेना. बोलणं जवळजवळ बंद. फक्त खालून एखादी मोटारसायकल गेली की, “हिचा कार्ब्युरेटर साफ करायला झालाय.” दिवसभरात तेवढंच एक वाक्य.

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, नुसतं सॉरी म्हणू नका, मोडलंय ते जोडून द्या. मी ठरवलं... गाडी परत आणायची.

ती केव्हाच सुटी होऊन विकली गेली होती. पण ह्यांची गाडी पूर्वी तयार करणारे बशीर मिस्त्री अजून गॅरेजवर बसतात. त्यांनी फोनाफोनी केली आणि आम्ही दोघं म्हातारे हिंडायला लागलो. टाकी मंगळवार पेठेत एका माळ्यावर मिळाली. सांगाडा मलकापूरजवळ गोठ्यात, वर कोंबड्या बसलेल्या. मिस्त्रींनी शेण खरवडलं, एका जोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “ही वेल्डिंग माझीच हाय.” आपलं अक्षर ओळखावं तसं.

इंजिन वारणानगरकडे एका रसवंतीवर होतं... शर्यतीचं इंजिन उसाचा रस काढत होतं! त्याचं फुटलेलं झाकण इथल्या फौंड्रीत नवीन ओतून घेतलं. सात महिने गेले.

ह्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वाटलं, आनंदानं उडी मारतील. पण हे एकदाही गॅरेजकडे फिरकले नाहीत. कधी दम लागतोय, कधी ऊन आहे. मी मनातून फार दुखावले. म्हटलं, इतका राग? अजून?

शेवटी मिस्त्रीच अडून बसले. रेसच्या गाडीला फूटरेस्ट तयार आणून लावत नाहीत म्हणे. चालवणारा वर बसतो, पाय जिथं टेकतील तिथं खडूनं खूण करायची, मग वेल्डिंग. “वैनी, दादा बसल्याशिवाय मी टाका मारनार न्हाय,” मिस्त्री म्हणाले. म्हणून मंगळवारी मी ह्यांना अक्षरशः रिक्षात घालून नेलं.

गाडी मधोमध उभी होती. हे तिच्याभोवती एक फेरी मारून आले. टाकीवर हात ठेवला. पण बसेनात.

“बसा ना,” मी म्हणाले. “माझ्यामुळे गेली होती. आता माझ्यामुळेच आली, असं समजा आणि सोडा तो राग.”

“तुझ्यामुळं नव्हती गेली,” हे म्हणाले.

मला काही कळेना. मग हे टाकीकडेच बघत सांगायला लागले. तो मुलगा पडल्यापासून त्या वळणावर ह्यांचा हात आपोआप ॲक्सिलरेटर सोडायचा. सरावात दोन वेळा झालं. “मित्रांना काय सांगू, मी घाबरलो म्हणून? कोल्हापुरात? तू तर आधीच म्हणाली होतीस भीती वाटते... मग तुझंच नाव सांगितलं. आता ही गाडी बघायला यायला तोंड नव्हतं मला.”

बशीर मिस्त्री एकदम खाली वाकून पाना शोधायला लागले. म्हणजे मिस्त्रींनाही ठाऊक होतं!

तेव्हा मी ओरडले. चव्वेचाळीस वर्षं! किती पंगती, किती टोमणे... सगळं काढलं. शेजारच्या लेथवाल्यानं मशीन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून. हे मान खाली घालून उभे. आणि ओरडता ओरडता मला दिसलं, ह्यांनी टाकीवरचा हात हळूच काढून घेतलाय, जणू गाडी ह्यांची नव्हेच.

मग पुढं ओरडता येईना.

“मिस्त्री, खडू घ्या,” मी म्हणाले. “नाव माझंच लागलं होतं ना, मग माझ्याच मापानं लावा.”

“वैनी, चेष्टा करताय व्हय?”

“मी चेष्टा करते का कधी?”

नशीब, पंजाबी ड्रेस घातला होता. कशीबशी चढले. अडुसष्टाव्या वर्षी, आयुष्यात सायकलसुद्धा न चालवलेली मी... गाडी डगमगली तशी ह्यांनी दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं आणि म्हणाले, “घाबरू नको. गुडघा आत घे. अजून आत.” किती महिन्यांनी इतकं बोलले. मिस्त्रींनी दोन्हीकडं खुणा केल्या आणि त्याच दुपारी टाके मारले.

आता हे रोज अकराला गॅरेजवर जातात. कार्ब्युरेटर स्वतः बसवतायत, मिस्त्रींशी भांडतायत. ही पोस्ट त्यांना वाचून दाखवलीय. “टाक,” म्हणाले, “सगळ्यांना कळू दे.”

माझा राग गेलेला नाही, इतक्यात जाणारही नाही. पण घाबरल्यावर लपायला ह्यांनी माझीच पाठ निवडली होती... हे मला मनापासून आवडलंय.