ट्यूब गुंडाळलेलं वल्हं

सावित्री नदीकाठी वल्ही तासणारा तो माणूस मला कधीच सरळ वाटला नाही. बोलताना तो तोंडाकडे न बघता समोरच्याच्या हातांकडे बघतो. गिऱ्हाइकाला जमिनीवर बसवून हात वर करायला लावतो, मगच वल्हं निवडतो. मासेमारांना आखूड, हलकं देतो.

मला नदीत विषारी पाणी सोडणाऱ्या कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी होडी नेऊन पाण्याचा नमुना आणायचा होता. त्याशिवाय आम्हा गावकऱ्यांची तक्रार कोणी घेत नव्हतं. हे कळताच त्याने सगळ्यात लांब, जड वल्हं काढलं. मी दमून अर्ध्यातून परतावं, हाच डाव असणार. त्याचा मुलगा त्याच कारखान्यात कामाला आहे.

"हलकं द्या की."

"हेच ने." पात्याच्या वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली होती. "पाणी दांड्यावरनं हातावर येत नाय. तिथलं पाणी लागू देऊ नको रे."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे. मग तक्रारीच्या अर्जावर सही करा."

तो पुढचं लाकूड तासायला लागला.

नमुना आणला. हाताला थेंब लागला नाही. पट्टी मात्र जुनी होती, पाण्याकडच्या बाजूने पार विरलेली. किती वर्षं हा सगळं ओळखून गप्प आहे, तेही अर्जात लिहावं का, हे माझं अजून ठरत नाही.