सुंदरआत्याचे धवले

ऋतुजाची लग्नपत्रिका मशीनवर चढवली होती, तेवढ्यात वडप्याहून फोन आला. "दादा, आई गेली..." माझा आतेभाऊ मधुकर, ऋतुजाचा बाप, एवढंच बोलला आणि हुंदके द्यायला लागला. पत्रिकेत सगळ्यात वर ऋतुजाच्या आजीचं, म्हणजे माझ्या सुंदरआत्याचं नाव होतं. भिवंडीत माझी छोटीशी प्रेस आहे. लोकांच्या नावाआधी 'कै.' टाकत जन्म गेला, त्याचं काही वाटेनासं झालं होतं. या वेळी मात्र हात धजेना. शेवटी कामगाराला म्हटलं, तू कर बाबा, आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

आत्या धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून एकेका विधीला देवांना बोलावणारी, त्या त्या वेळचं गाणं गाणारी बाई. ती गाणी म्हणजे धवले. शेताच्या जागी गोदामं उभी राहिली, आत्या गोदामांची मालकीण झाली, पण मांडवातली तिची जागा काही सुटली नाही. एरवी गेटजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ट्रकवाल्यांशी तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत भांडायची. मला म्हणायची, "सगल्या दुनियेचा सामान आपल्या शेतात येऊन पडलाय बघ. त्यात आपला काय हाय? एक खुर्ची!" आणि स्वतःच खदखदून हसायची.

मला पुस्तकांचं वेड. दुसऱ्यांची बिलबुकं आणि पत्रिका छापून पोट भरायचं आणि उरलेल्या कागदावर आपल्याला हवं ते छापायचं, असा माझा धंदा. तिचे धवले छापायचं मी घेतलं मनावर. म्हटलं, आत्या, एक दिवस निवांत बस, सगळे गा, मी मोबाइलवर घेतो. तर अंगावर आली. "लगीन नसताना धवला गायचा? मंग लगीन कुनाचं लावू, भुताचं?" हा तिचा नियम, आणि तिच्या आधीच्या सगळ्या धवलारणींचा. नवरानवरी समोर नसतील तर देवाला उगाच बोलावायचं नाही. झालं! मग काय, मी वही घेऊन लग्नालग्नातून तिच्या मागे बसलो. रेकॉर्डिंगही केलं, पण त्यात ऐकू काय येतं? शेजारच्या हळदीचा डीजे आणि बायकांच्या गप्पा. आत्याचा आवाज त्याखाली कुठेतरी दबलेला. तरी शब्द मिळाले. पातळसं पुस्तक झालं.

पहिली प्रत तिच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं पुस्तक नाकाशी नेलं, पानांवरून हात फिरवला. "वास बरा हाय. पन ह्यात माझा गला कुठं हाय रं?"

मी म्हटलं, "आत्या, शब्द राहिले म्हणजे सगळं राहिलं."

"असंल बाबा," ती म्हणाली. "तू पुस्तकातला मानूस."

धवले शिकायचे म्हणजे धवलारणीच्या मागे बसून, तिच्या सुरात सूर मिळवून. एका लग्नात थोडं, पुढच्या लग्नात थोडं. ऋतुजाला शिकायचं होतं, खरंच होतं. पण ती पडघ्याच्या गोदामात नोकरीला, आणि लग्न असलं की नेमकी तिची शिफ्ट. "तुझ्या लग्नात गाईन तवा नीट आयक," आत्यानं तिला सांगून ठेवलं होतं.

आणि लग्न ठरल्यावर आत्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी दवाखान्यात गेलो तर तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि तोंड उघडलं. आधी कळेना. मग कळलं, ती गायला बघत होती. जन्मभर पाळलेला नियम मोडून, लग्न नसताना, त्या कॉटवर! नुसती हवा येत होती. मी कान ओठांशी नेला. काही नाही... आणि मी काय करावं? पिशवीतलं पुस्तक काढून तिच्यापुढे उघडं धरलं. जिला अक्षर येत नाही तिच्यापुढे! तिनं पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

घरात मृत्यू झाला की लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. मधुकरनं उरकायचं ठरवलं. गेल्या आठवड्यात हळद झाली. दुसरी धवलारीण शोधली, मिळाली नाही. ऋतुजा पाटावर बसली आणि म्हणाली, "काका, तुमच्याकडे आहे ना पुस्तक? तुम्ही म्हणा."

मी उभा राहिलो. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. म्हाताऱ्या बायका माना पुढे काढून थांबल्या होत्या, चाल सुरू झाली की मागून उचलायला. मी वाचतच राहिलो, शाळेत धडा वाचावा तसा. चाल माझ्या कानात होती हो, अगदी होती! गळ्यातून येत नव्हती. एका आजीनं उचलायचा प्रयत्न केला, दुसरीनं वेगळीच उचलली, दोघी अडखळल्या आणि गप्प झाल्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

ऋतुजानं माझ्या हातातलं पुस्तक हलकेच मिटलं. "राहू द्या काका," ती म्हणाली. "असं नुसतं वाचलं, की आजी गेली असं वाटतं."