मांजरपाटावरच्या मुली

जुबेदाआपा गेल्या, असं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी रडण्याआधी चिडले. छातीत दुखतंय म्हणून मी त्यांच्यासाठी दोनदा अपॉइंटमेंट घेतली होती. दोन्ही वेळा उत्तर एकच, "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात. आज एका मुलीचा पत्ता लागलाय."

ही मुलगी म्हणजे सत्तरी-ऐंशीची कुणी बाई. आपा मूळच्या रत्नागिरीच्या, दुबईतल्या एका शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. तिथल्याच करामा भागातल्या दोन खोल्यांत त्यांनी भरतकामाचे जुने नमुने जमवले होते. पूर्वी शाळेत शिवणाच्या तासाला मुलींकडून मांजरपाटाच्या तुकड्यावर टाके भरून घेत, ते. वर मुळाक्षरं नाहीतर एबीसीडी, मध्ये एखादा मोर, खाली मुलीचं नाव आणि इयत्ता. हात धुतल्याशिवाय आपा मला बोट लावू देत नसत. धुतल्यावरही, "नीट पुसलेस ना?" आणि नमुना पाहायचा तो आधी उलटा. "पुढची बाजू बाईंना दाखवायला असते गं. मुलगी मागे सापडते." मला मागे फक्त गाठींचा गुंता दिसायचा.

त्या मुलींना शोधायचं वेड आपांना. गाडी चालवायची मी.

असंच एका रविवारी मला माझ्या घरून, अल नहदाहून करामाला बोलावलं आणि तिथून थेट पलीकडच्या किनाऱ्यावर, खोर फक्कानला नेलं. 'हमीदा, इयत्ता पाचवी' तिथे मुलाकडे राहत होती. तिचा नमुना आपांचा सगळ्यात लाडका, तीन उन्हाळे रत्नागिरीत लोकांच्या मागे लागून मिळवलेला. त्यात इंग्रजी एस उलटा होता, आणि पुढची अक्षरंच नव्हती.

हमीदाबींनी कापड मांडीवर घेतलं. उलट्या एसवर बोट ठेवलं. "या एसपायी बाईंनी बोटांवर छडी मारली. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलेच नाही." मग नातीला म्हणाल्या, "कात्री आण."

"दादी, लीव्ह इट," नात म्हणाली. मी धास्तावून आपांकडे पाहिलं. आपांनी स्वतःच्या पर्समधून कात्री काढून दिली! हमीदाबींनी तो एस उसवला. आपांनी सुईत दोरा ओवला. सरळ एस झाला, संध्याकाळपर्यंत टी आणि यूसुद्धा. आणि निघताना आपा नमुना तिथेच सोडून आल्या.

"आपा, तीन उन्हाळे!" मी गाडीत जवळजवळ ओरडलेच.

"तिचा अभ्यास राहिलाय," म्हणाल्या, आणि शारजा येईपर्यंत झोपल्या.

आता बाकीच्या नमुन्यांची पेटी माझ्या हॉलमध्ये आहे. त्यांचा मुलगा न विचारता ठेवून गेला. "मम्मीनं तुमचं नाव लिहिलंय, आंटी." प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी. परवा एका चिठ्ठीवरच्या पुण्याच्या नंबरवर फोन लावला.

"मालती, इयत्ता चौथी? मीच ती," पलीकडच्या बाई हसल्या. "पण तो भरला शकूनं. माझे टाके वाकडे यायचे. आठवडाभर बोरं दिली तिला."

शकूचं आडनाव काही त्यांना आठवेना. मी गाव विचारलं, चिठ्ठीवर मालतीच्या खाली लिहून घेतलं. म्हणजे आता शकूला शोधणं आलं.