ठिपक्यांचं नाक

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत उभी हयात काढून त्या काकांना वास येणं कायमचं बंद झालं होतं. वडापावच्या गाडीवर ते रोज भेटायचे, पण नाव कधी विचारलं नाही. वासाने रंग बदलणाऱ्या ठिपक्यांची कार्डं त्यांच्या मुलीने लॅबमधून आणून दिली होती. गरम वड्यावर कार्ड धरायचं, ठिपके बदलले की डोळे मिटून म्हणायचं, "अहाहा, काय लसूण आहे!"

एकदा मला हसू आवरेना. "काय काका, रंग बघून कधी वास येतो का?"

काकांनी खिशातून नवं कार्ड काढून माझ्या काखेजवळ धरलं आणि त्यावर, वास जितका उग्र तितके ठिपके चमकवणारा, छोटा जांभळा टॉर्च मारला. सगळे ठिपके लखलखले.

काकांनी शांतपणे रुमाल काढून नाकाला लावला.