नऊ रेनकोट आणि एक टोमॅटो

आमच्या गल्लीत बातमी अशी पसरली, की शेजारच्या शिवणवाल्या मावशींच्या लेकीला बाळं होणार आहेत. बाळ नव्हे, बाळं! कारण मावशींच्या गॅलरीतल्या दोरीवर पारदर्शक प्लास्टिकचे नऊ इवलेसे रेनकोट लटकत होते. इस्त्रीवाल्याने ते मोजले आणि मला सांगितलं. पुढे बातमी पसरवण्यात माझा हात नव्हता. नुसतं तोंड होतं.

दुसऱ्याच दिवशी लेकीचा फोन आला. मी मनापासून अभिनंदन केलं, तर तिने माझी अशी काही बिनपाण्याने केली की विचारू नका. रेनकोट टोमॅटोच्या रोपांचे होते.

आता मावशींविषयी. वय अडुसष्ट, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. त्यामुळे अर्ध्या शिव्या टाचण्यांतच अडकतात आणि आम्ही वाचतो. गल्लीतल्या तीन पिढ्यांचे शाळेचे गणवेश त्यांनी शिवलेत. खोल्या दोन, एकीत झोपतात, दुसरीत मशीन राहतं.

मागच्या उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी घालायला विसरल्या, ती वाळली. मग एकदा दूध गॅसवर विसरल्या, ते करपलं. लेकीने दोन्ही टोकं जोडून घट्ट टाका घातला : आईला आता एकटं राहणं झेपत नाही.

"या उन्हाळ्यात एक तरी टोमॅटो लाल करून दाखव," लेक म्हणाली. "नाही झाला तर मशीन विकायचं आणि माझ्याकडे यायचं."

"आणि झाला तर?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

मावशींनी रंगाच्या रिकाम्या डब्यांत नऊ रोपं लावली. पाणी घालायचं विसरू नये म्हणून मशीनच्या चाकाला लाल दोरा बांधला. आणि नेमका उन्हाळा आला तो ओला! सूर्य बदली कामगारासारखा अधूनमधून यायचा, पाऊस मात्र कायम नोकरीला. पाणी घालायची वेळच येईना; डब्यांतलं पाणी उपसावं लागे. पानांवर काळे डाग पडले. म्हणून ते रेनकोट. प्रत्येक रोपाचं माप घेऊन, खडूने खुणा करून, अंगाबरोबर बसणारे. खाली नाडी, वर टोपी.

"फिटिंग बघ, रेडिओ," त्या मला म्हणाल्या. हे माझं नाव. कारण वर आलंच आहे.

फिटिंग खरोखर अप्रतिम होतं. आठवड्यात पाच रोपं कुजली.

मी गेलो तेव्हा मावशी स्टुलावर बसल्या होत्या. उरलेल्या चार रेनकोटांच्या आतून घाम गळत होता, देठांवर पांढरी बुरशी. मशीनवर झाकण घातलेलं. ते झाकण मी आजवर दिवसा कधी पाहिलं नव्हतं. मी आपली सवयीने थट्टा केली.

"मावशी, नशीब यांचं! मला पहिलीत तुम्ही शर्ट शिवलात, त्यात मी चौथीपर्यंत हरवत होतो. आई ओरडायला आली, तर म्हणालात, 'वाढत्या अंगाचा आहे, हवा खेळू दे!' आणि टोमॅटोला मात्र सिनेमातल्या हिरोचं फिटिंग?"

मावशी हसल्या नाहीत. एकेक करून ओठांतल्या टाचण्या काढल्या. मग म्हणाल्या, "कात्री दे."

चारही रेनकोट उसवले. ते तुकडे जोडून एक मोठं छप्पर केलं, एका बाजूला उतार, बाजू सगळ्या उघड्या. डब्यांच्या बुडाला टोच्याने भोकं पाडली. मातीला टेकणारी पानं छाटली. एक रोप तरीही गेलं. तीन उभी राहिली.

फुलं आली, पण फळ धरेना. पावसात मधमाशी कुठून यायची? फुलं थरथरली की परागकण झडतात, हे मावशींनी कुठून तरी ऐकलं. टिचकी मारत बसायचा त्यांना कंटाळा. त्यांनी मशीनवर डबा ठेवला, सुई काढली आणि पाय मारायला सुरुवात केली. रोज सकाळी दहा मिनिटं एकेक रोप मशीनवर थडथडत नाचायचं. मी ही बातमीही दिली असती, पण एकदा पोळलो होतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी लेक रिकामी बॅग घेऊन आली. मी साखर मागायच्या निमित्ताने हजर होतोच. छपराखाली तिन्ही झाडं गुडघ्याच्या वर आलेली, हिरव्या फळांचे दोन घोस, आणि सगळ्यांत खाली एक टोमॅटो. लालभडक.

लेक वाकली, बोट लावून पाहिलं, चाकाचा लाल दोरा पाहिला. बॅग तिने आपणच भिंतीशी सरकवली. पण लेक कुणाची? हार मानेल तर शपथ.

"आई, केवढासा आहे हा! बोराएवढा!"

मावशींनी टोमॅटो खुडला आणि कात्रीनेच दोन भाग केले.

"मापं काढायचं काम माझं, तुझं नाही. तू मीठ आण."